भाऊजींचं ठाणं

डोंबिवलीहून ठाण्याला पोचायला बारा वर्षं लागलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या ताईचे यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. आता ठाणं म्हणजे काही विलायत नाही, पण भाऊजींचं ठाणं होतं त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कपाटाच्या दारावर. तिथे एका कागदी पट्टीवर खालून वर, स्केचपेनने, बारा स्टेशनं लिहिलेली: खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. महिन्याला दहा हजार शिल्लक पडले की ताईच्या पाकिटातली लाल टिकली एक स्टेशन वर चढायची. जानेवारीत खडवली, डिसेंबरात ठाणे, आणि हातात एक लाख वीस हजार. खडवलीच का, कसाऱ्यापासून का नाही, असं मी एकदा विचारलेलं. "मेव्हणीबाई, कसाऱ्याहून धरलं तर दीड वर्षाच्या वर जाईल. एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं ते गंभीरपणे म्हणाले.

हा सगळा प्रवास ताईसाठी होता. ताई एका पोळीभाजी केंद्राला रोज सकाळी दीडशे पोळ्या लाटून देते, म्हणजे द्यायची. त्याचे महिन्याला साधारण दहा हजार मिळायचे. उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभर लाटणं हातात धरू नका, नाहीतर हात आखडेल. भाऊजींनी तिथल्या तिथे योजना आखली. वर्षभराच्या पोळ्यांचे पैसे आधी साठवायचे, मग ताईने एक अख्खं वर्ष आराम करायचा. योजना आखण्यात भाऊजींचा हात कुणी धरणार नाही. ते एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे मालाची आवक-जावक त्यांच्या अंगात मुरलेली होती.

पुढे त्यांना जगात स्टेशनांपलीकडे काही दिसेना. फ्रिज अडीच स्टेशनांचा, चष्मा अर्ध्या स्टेशनाचा. घोडबंदर रोडला माझ्या पुतण्याने एकतिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलेलो. लोक गॅलरीतून खाडी बघत होते, फोटो काढत होते. भाऊजींनी पुतण्याला बाजूला घेऊन मेंटेनन्स किती ते विचारलं आणि आकडा ऐकून सोफ्यावर बसले ते जेवायलाच उठले. "पोरगा दर महिन्याला शहाड ते कल्याण नुसता लिफ्टवर उडवतोय," असं मला दोनदा ऐकवलं. दर एक तारखेला ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून मुक्काम कळवायचे. आमच्या मावशीला फेब्रुवारीत "आम्ही टिटवाळ्याला पोचलो" असं सांगितलं, तर ती बिचारी आठवडाभर प्रसादाची वाट बघत होती. शेवटी तिने विचारलं, तेव्हा यांनी तिला मुदत ठेवींचे व्याजदर समजावून सांगितले.

पण टिकली वर जायची तशी खालीही यायची. गिझर फुटला, दिव्याहून कोपर. सोसायटीने रंगकाम काढलं, एकदम ठाकुर्ली. भाच्याच्या लग्नात आहेराला हात सैल सुटला आणि आंबिवलीत रात्र काढावी लागली. डिसेंबरअखेर ठाणं आलं नाही, तर असतील नसतील ते पैसे मुलीच्या फीला जायचे आणि एक जानेवारीला स्वारी पुन्हा खडवलीला हजर. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. उलट नवी पट्टी लिहिताना अक्षर आणखी घोटीव यायचं.

मला मात्र राहवेना. एकदा त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी राहून मी म्हटलं, "भाऊजी, महिन्याला दहा हजार तुमचे शिल्लक पडतात. ताईचे पोळ्यांचे येतात तेही दहा हजारच. मग तिने आजच लाटणं ठेवलं तर बिघडलं कुठे?"

भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी विनातिकीट सापडलेय. "मग शिल्लक कुठून पडणार?"

"अहो, पण शिल्लक कशासाठी पाडताय?"

"तिला आराम मिळावा म्हणून," ते म्हणाले. ताई ओट्यापाशी पोळ्या लाटतच होती. ती म्हणाली, "अगं, जाऊ दे ना. त्यांचं ठाणं येऊ दे एकदा." त्या दिवसापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला मी हा किस्सा रंगवून सांगायचे. बायका हसून हसून लोळायच्या. माझ्यासारखी हुशार मीच, असं वाटायचं मला.

पाच वर्षांपूर्वी टिकली कळव्याला पोचली. एवढी वर ती कधीच गेली नव्हती. मी राहते कळव्यातच, म्हणून भाऊजींनी खास फोन केला, "मेव्हणीबाई, तुमच्या दारात आलोय." मी म्हटलं, "या, चहा टाकते. पुढच्या वर्षी खडवलीला निघाल तेव्हा डबाही देईन." हे बोलले आणि पंधरवड्यात माझ्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. हॉस्पिटलात आधी पैसे भरायचे होते आणि आमची कुठलीही पट्टी कुठल्याही दारावर नव्हती. संध्याकाळी भाऊजी आले. पाकिटात मोजून एक लाख दहा हजार. "सावकाश द्या," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्टेशनाचं नाव घेतलं नाही. माझ्या नवऱ्याच्या पोटावरचे टाके ताईच्या अकरा महिन्यांच्या पोळ्यांचे आहेत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते पैसे फेडले, पण दोन-तीन हजारांनी, चार वर्षांत. तोवर ताई लाटतच राहिली. तो किस्सा मी नंतर कुठेच सांगितला नाही. आज पहिल्यांदा सांगतेय, आणि लाज वाटतेय.

गेल्या डिसेंबरात भाऊजी ठाण्याला पोचले. जानेवारीपासून ताईने पोळ्या बंद केल्या. खांद्याची ठणक कमी झालीय, पण हात कानाच्या वर जात नाही. म्हणून सकाळी तिची वेणी भाऊजी घालतात. भांग वाकडा, वेणी एका बाजूला, आणि रबर अर्ध्या तासात गळून पडतं. "अगं, पहिल्यापेक्षा बरी येते आता," असं ताई कौतुकाने सांगते, आणि भाऊजी फणी हातात धरून मागे उभे असतात. मी हसते, चहा घेते, घरी येते. मी तेव्हा ते पाकीट घेतलं नसतं आणि ताई त्याच वर्षी थांबली असती, तर तिचा हात वर गेला असता का, हे तिच्या डॉक्टरांना एकदा विचारायचंय. त्यांचा दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेली नाही.