खाडीकाठचा घोळ

दातिवऱ्याजवळ पाण्याची पाइपलाइन खाडीखालून न्यायची होती. आमची मशीन जमिनीखालून आडवं भोक पाडायची आणि त्या भोकात कसला घोळ सोडायचा, हे मी ठरवायचो. बेंटोनाइट मातीचा हा घोळ भोकाच्या भिंती धरून ठेवतो, कापलेली माती बाहेर आणतो. बोईसरकडच्या मुरुमात त्याने कधी त्रास दिला नव्हता. इथे वर काळी चिकणमाती होती, खाली रेती, आणि रेतीत खारं पाणी.

दुपारी ऑपरेटर ओरडला, "साहब, माल वापस नहीं आ रहा!"

पंप चालू होता, पण घोळ भोकाच्या तोंडाशी खणलेल्या खड्ड्यात परत येत नव्हता. मी पंप थांबवला, तेवढ्यात ज्या घराशेजारून भोक जात होतं, तिथली कोळीण धावत आली. "भाऊ, माज्या वट्याखालून राखाडी चिखल येते हाय! जमीन फुगली!"

तिची सासू आत अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही चौघांनी म्हातारीला खाटेसकट बाहेर काढलं.

घरापुढच्या वट्याजवळचा चिखल हातात घेतला. नासलेल्या दुधासारखा फुटला होता. पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. खाऱ्या पाण्याने बेंटोनाइट फोडलं होतं. आणखी बेंटोनाइट घालून घोळ जाड केला, तर दाबाने जमीन फाटेल. तसाच ठेवला, तर रेती ढासळून घर खचेल. शेवटी टँकरच्या गोड्या पाण्यात, मिठाने न फुटणारं पॉलिमर कालवलं. चिरा बुजवायला बारीक तंतू टाकले. पंप अगदी हळू सुरू करायला सांगितला आणि स्वतः वट्यापाशी उभा राहिलो. चुकलं असतं, तर घर माझ्या डोळ्यांदेखत बसलं असतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग खड्ड्याकडून ऑपरेटरची हाक आली, "आया, साहब!" घोळ परतत होता. वट्याखालचा चिखल थांबला.

"आता आत न्यू का सासूला?" तिने विचारलं.

"आज नको, मावशी."

भोक पाडणाऱ्या सळ्या जमिनीखालून घर ओलांडून पुढे गेल्या, तरी मी तिला सासूसकट दोन रात्री जावेकडे राहायला लावलं. जमीन खचली नाही. वट्याला पडलेली चीर आम्ही बुजवून दिली. म्हातारी घरी परतली, त्या दिवशीही मी भिंतीला हात लावून पाहत होतो.