कस्तुराबाईंचं दार आणि सरांचा राष्ट्रसंघ

बसवंत सरांसमोर कधीही, चुकूनसुद्धा, "या आंतरराष्ट्रीय संघटना काय कामाच्या हो?" असं म्हणू नका. मी एकदा त्यांच्या दारात उभ्या उभ्या म्हणाले, आणि घरी गॅसवर ठेवलेली माझी भाजी करपून कोळसा झाली.

सर आमचे शेजारी. निपाणीच्या एका कॉलेजात जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर या कन्नड महानगरात, सर्जापूर रोडवरच्या आमच्या 'हंसतीर्थ'मध्ये राहायला आले. बरोबर पत्नी कस्तुराबाई, शेंगाचटणीची बरणी आणि संयुक्त राष्ट्रसंघावरचं अथांग प्रेम. "सीमाभागातला माणूस वाद आईच्या दुधाबरोबर पितो बघा, यशश्रीताई," ते म्हणायचे. "म्हणून तर वाद मिटवायची हौस." मी पुण्याची, शिवाय कंपनीत दिवसभर बैठकाच करते. बैठक हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. तरीही सरांनी मला त्यांची चिटणीस करून टाकलं.

त्याचं असं झालं. आमच्या भिंतीला लागून 'मयूरबन' नावाची दुसरी सोसायटी आहे. बिल्डर एकच, रंग एकच, आणि दोघांच्या मध्ये भिंतीत एक छोटं लोखंडी दार. पार्सल आणणाऱ्या पोरांना दोन्हींतला फरक कधी कळला नाही. आमच्या साड्या तिकडे, त्यांचे मिक्सर इकडे. सरांनी त्या दारापाशी एक टेबल मांडलं: चुकलेलं पार्सल इथं ठेवायचं, आपलं उचलायचं.

"जगातल्या पहिल्या संघटना कशासाठी निघाल्या, सांगा बघू?" सरांनी मला विचारलं. "नदीतली वाहतूक, तार आणि टपाल! शांतता लई नंतरची. माणसाला आधी दुसऱ्याकडं गेलेलं आपलं पत्र परत पाहिजे असतंय."

टेबल चाललं म्हणून सरांना चेव आला. त्यांनी दोन्ही सोसायट्यांचा संघ काढला आणि नियम केला की प्रत्येक निर्णय एकमतानं. तो संघ गणपतीच्या ढोलावरून मोडला. मयूरबनवाल्यांच्या मुलांच्या परीक्षा होत्या. आमचे लोक ऐकेनात, तेव्हा ते खुर्च्या मागे सारून उठून गेले. सर मात्र आनंदानं फुललेले. "अगदी पहिल्या राष्ट्रसंघासारखा मोडला! तिथंबी एकमत लागायचं, तिथंबी लोक असेच उठून गेले!"

"मोडला तर मोडला," कस्तुराबाई आतून म्हणाल्या, "आता पेढे वाटता काय?"

पण सर हार मानणारे नव्हते. एक राष्ट्रसंघ मोडल्यावर जगानं दुसरा काढला, मग आपण का नाही? दुसऱ्या वेळी त्यांनी बहुमताचा नियम केला. आणि वर एक कलम घातलं, ज्याच्यापायी पुढचं रामायण घडलं. मयूरबनच्या गिरीराजण्णांना त्यांनी नकाराधिकार दिला. दोन्ही सोसायट्यांची जमीन मुळात गिरीराजण्णांच्या वडिलांची. त्यांच्या शब्दाशिवाय तिकडे पानही हलत नाही. मी तणतणले, "सर, ही कुठली लोकशाही?"

"ही लोकशाही नव्हे, अक्कलहुशारी," सर म्हणाले. "मोठ्याला आत बसून 'नाही' म्हणायची सोय दिली नाही, तर तो बाहेर उभारून दगड मारतोय. त्यापेक्षा आत बसून नाही म्हणू दे की."

खरं सांगायचं तर काही दिवस बरं चाललं. डासांचा धूर दोन्हीकडे एकाच दिवशी व्हायला लागला. भटक्या कुत्र्यांना लशी टोचल्या गेल्या. डासांच्या बाबतीत गिरीराजण्णांनीसुद्धा नकाराधिकार वापरला नाही.

मग उन्हाळा आला आणि पाण्याचे टँकर आले. आमच्या टँकरनं मागे येताना त्या दाराजवळचं फणसाचं रोप चिरडलं. ते गिरीराजण्णांचं होतं. वडिलांच्या शेतातला जुना फणस इमारतीसाठी तोडला, तेव्हा त्याची एक आठळी त्यांनी जपून तिथं लावली होती. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं आणि किल्ली गिरीराजण्णांच्या खिशात गेली.

कुलपाचा फटका सगळ्यांना बसला, पण कस्तुराबाईंचा जीवच अडकला. मयूरबनमध्ये कावेरी अक्का राहतात. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घराबाहेर पडत नाहीत. कस्तुराबाई रोज दुपारी त्या दारातून जायच्या आणि दोघी चौकाबारा खेळायच्या. कवड्या टाकायच्या, फरशीवर आखलेल्या घरांतून सोंगट्या पळवायच्या, एकमेकींच्या मारायच्या आणि कन्नड-मराठीत मिळून जगाचा उद्धार करायचा. त्या परक्या शहरात कस्तुराबाईंचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. आता जायचं तर मेन रोडनं मोठा वळसा, आणि त्यांचे गुडघे धड जिना उतरू देत नाहीत. रिक्षावाला म्हणे, "अज्जी, इल्ले अल्वा?" इथंच तर आहे की! एवढ्याशासाठी तो कशाला येतोय?

सरांनी तातडीची सभा बोलावली. ठराव स्वतः लिहिला, मी वाचला: "ही परिषद झालेल्या दुर्दैवी घटनेबद्दल तीव्र चिंता व्यक्त करते आणि दार उघडण्याचे आवाहन करते." दोन्हीकडचे भराभर हात वर झाले. गिरीराजण्णांनी आपला एकच हात वर केला आणि म्हणाले, "नाही."

झालं! नियमच तसा होता, आणि नियम कोणाचा, तर आमच्या सरांचा.

त्या रात्री कस्तुराबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "जगाची भांडणं मिटवाय निघालाय, आणि माझं एक दार उघडंना तुमच्यानं." आणि मग बोलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी कॉफी बंद. मग शेंगाचटणी बंद. सर माझ्याकडे कॉफी प्यायला आले आणि कौतुकानं म्हणाले, "आर्थिक निर्बंध! टप्प्याटप्प्यानं! पुस्तकात असतंय तसंच!" पण कप ठेवताना त्यांचा चेहरा उतरला. "काल दुपारभर खिडकीत बसून ती त्या दाराकडं बघत होती, यशश्रीताई. मला बघवंना."

माझा पारा चढला. "मग इथं बसून कॉफी काय पिताय? उठा. त्या माणसाच्या घरी चला."

आम्ही भर उन्हात मेन रोडनं वळसा घालून गेलो. गिरीराजण्णांनी पाणी दिलं आणि कन्नडमध्ये जे सुरू झाले, ते थांबेनात. मला अर्धं कळलं, अर्धं हातवाऱ्यांवरून समजलं. "चिंता! माझ्या अप्पांच्या झाडाचं शेवटचं रोप मेलं, सर, आणि तुम्ही काय केलं? चिंता व्यक्त केली!"

सर उठले, गिरीराजण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तप्पायतु, अण्णा. चुकलं आमचं. हे पहिल्याच दिवशी येऊन म्हणायला पाहिजे होतं."

एवढं साधं वाक्य. सबंध सभेत आमच्यापैकी एकाच्याही तोंडून ते निघालं नव्हतं, माझ्याही नाही.

गिरीराजण्णांनी आमचे पाण्याचे पेले पुन्हा भरले. मग हळूच म्हणाले, "पण सर, सगळ्यांसमोर नाही म्हणालोय. आता हो कसा म्हणू? लोक हसतील."

आता मात्र सरांचे डोळे चमकले. "हो म्हणूच नका! कोरियाच्या युद्धाच्या वेळी रशिया रुसून बाहेर बसला होता. खुर्ची रिकामी, नकार द्यायला कोण नाही, ठराव पास! तुम्ही फक्त मतदानाच्या वेळी खुर्चीत नसा."

"सरी, ठीक आहे," गिरीराजण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "तेव्हा स्वल्प फोन येईल मला."

रविवारी सभा भरली. ठरावातून 'चिंता' काढून सरांनी 'आमची चूक झाली' असं घातलं होतं, आणि आमच्या खर्चानं फणसाचं नवं रोप लावायचंही कबूल केलं होतं. मी "मतदान" म्हणताच गिरीराजण्णांनी खिशातून फोन काढला. तो वाजलासुद्धा नव्हता. "हलो, हलो," करत ते बाहेर गेले, आणि मागे ठराव पास झाला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, अरे, किल्ली तर त्यांच्याच खिशात!

सगळे दाराकडे धावलो. कुलूप निघालेलं, दार सताड उघडं, आणि बाजूला गिरीराजण्णा पाठ करून फोनवर कोणाशी तरी तावातावानं बोलत होते. कस्तुराबाई कठड्याला धरत धरत आल्या. त्यांच्यापाशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, फोन उलटा धरलाय."

गिरीराजण्णांनी फोन सुलटा केला आणि बोलत राहिले.

पलीकडे कावेरी अक्का बाल्कनीत उभ्या होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या मुठीत कवड्या खुळखुळवत. कस्तुराबाई उंबरठ्यावर वळल्या. इतक्या दिवसांत नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या, "कॉफी येऊन करते. तोवर तुम्ही चर्चा करा."

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. एरवी एवढं गिऱ्हाईक समोर असतं तर त्यांनी दुसरी सभा तिथंच भरवली असती. पण सरांनी चष्मा काढून पुसला, मान हलवून चर्चेला नकार दिला आणि कस्तुराबाईंचा हात धरायला ते त्यांच्या मागोमाग त्या दारातून गेले.