भल्या भावांचा वाडगा

सुआनच्या हातांना कोळंबीचा वास होता. लिंबाने, चिंचेने, राखेने, कशानेच तो जात नसे. ती तरुण असताना तायपिंगहून तिला बघायला माणसं आली, तेव्हा आईने तिचे हात तांदळाच्या पिठात चोळचोळून घेतले होते. मुलाच्या आईने चहाचा पेला उचलला, नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. विषय तिथेच संपला. पुढे आई गेली, मग वडील गेले. वास राहिला.

जॉर्जटाउनच्या जुन्या गल्लीत, दुपार कलली की ती वडलांची गाडी लावायची. कोळंबीची डोकी आणि टरफलं लालभडक होईपर्यंत परतायची, डुकराच्या हाडांबरोबर तास न् तास उकळायची. मग पिवळ्या नूडल्स, मुगाचे मोड, नाळीची भाजी, वर तो रस्सा आणि मिरचीचं वाटण. रांग आधीच लागलेली असे. पण पहिला वाडगा रांगेतल्या कोणाला मिळत नसे. तो मागच्या बोळात, गटाराच्या कठड्यावर जायचा.

हा वडलांचा नेम. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, "पा, हा कोणाचा?"

"भल्या भावांचा."

पुढे तिने विचारलं नाही. ज्यांना जेवू घालणारं मागे कोणी उरलं नाही, अशा मेलेल्यांना भूत म्हणायचं नसतं, भले भाऊ म्हणायचं, एवढं गल्लीतल्या कुठल्याही पोराला माहीत होतं. ते जेवत असताना बघायचं नसतं, हेही. वाडगा ठेवायचा आणि पाठ फिरवायची. दिवेलागणीला तो तिथेच सापडे, त्याच कोपऱ्यात. रिकामा, धुतलेला आणि पालथा.

मेलेले जेवतात हे सुआनला पटत होतं. मेलेले भांडी घासतात, याची मात्र तिला भीती वाटायची.

वडील, खू सेंग लिप, इस्पितळात वारले. शेवटच्या दिवशी त्यांची बोटं हवेत झारा धरल्यासारखी वळत होती. सुआनने आपला हात त्या मुठीत दिला. ते म्हणाले, "चूल विझू देऊ नको."

"तुम्ही सांगेपर्यंत नाही विझवणार," ती म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. पण त्यांनी डोळे मिटले, आणि ते शब्द तसेच तिच्या अंगावर राहिले.

नंतरच्या पंधरवड्यात मागच्या कठड्यावर कोणीतरी काहीतरी झाकून ठेवलेलं दिसे. सुतकात असल्या वस्तूला हात लावू नये म्हणून सुआन ते पायाने मांजरांकडे सरकवायची. मग तेही बंद झालं. वाडगा मात्र ती ठेवत राहिली, आणि तो पालथा होत राहिला.

आता तिची मनगटं सुजलेली असत. झारा धरला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची. गाडी बंद करावी, धाकट्या भावाकडे, बेंगकडे राहावं, असं तिच्या मनात बरेच दिवस होतं. पण परवानगी घ्यायची होती, आणि परवानगी देणारा जेवण संपवत नव्हता.

दरवर्षी वडलांच्या तिथीला ती देव्हाऱ्यापुढे त्यांच्यासाठी नूडल्सचा वाडगा मांडायची. उदबत्ती लावून दोन जुनी तांब्याची नाणी जमिनीवर टाकायची. नाण्यांची एक बाजू लाल रंगवलेली, दुसरी काळी पडलेली. एक लाल, एक काळं आलं म्हणजे हो. दोन्ही काळी म्हणजे नाही. दोन्ही लाल म्हणजे मेलेला हसतोय. आधी जेवण झालं का हे विचारायचं. हो आल्याशिवाय ताट उचलायचं नाही आणि दुसरं काही विचारायचंही नाही. सुआनच्या वडलांचं हो कधी येतच नसे. उदबत्त्या संपत, रश्शावर साय धरे. शेवटी ती माफी मागून ताट उचलायची, आणि प्रश्न पुढच्या तिथीवर जायचा.

या वर्षीही नाणी काळीच पडली. पुन्हा काळी. मग लाल. मग काळी.

"म्हातारा रवंथ करतोय की काय!" बेंग भिंतीला टेकून बसला होता.

"तोंड सांभाळ. ऐकतायत ते."

"ऐकतायत तर जरा आटपा म्हणावं. मला विमानतळाचं भाडं आहे." त्याने टॅक्सीची किल्ली बोटावर फिरवली. "आची," थोरल्या बहिणीला तो म्हणाला, "एक विचारू? तू खातेस का गं तुझा रस्सा?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाडगा भरून, बसून, खाल्लायस कधी?"

सुआन रस्सा हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन जिभेने चाखायची, मिठापुरता. त्याच्या वासानेच तिचं पोट भरलेलं असे.

"नाही ना? मग त्यांना का घालतेस? जन्मभर जे ढवळलं, तेच मेल्यावर पुढ्यात! मी असतो तर नाणी तुझ्या डोक्यात मारली असती."

"मग काय खायचे ते?"

बेंगने किल्ली मुठीत धरली. "मी त्यांना जेवताना पाहिलेलंच नाही."

सुआननेही पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण भिंतीवर.

ती चपला न घालताच खाली उतरली. गल्ली वारसा म्हणून जाहीर झाली तेव्हा कोपऱ्यावरच्या भिंतीवर एका चित्रकार पोराने तिच्या वडलांना रंगवलं होतं. कुठल्यातरी प्रवाशाने खूप पूर्वी काढलेला फोटो त्याला मिळाला होता. वडील मागच्या कठड्यावर उकिडवे बसून खात होते. प्रवासी त्यांच्या शेजारी आ वासून उभे राहत आणि ते आपल्याला भरवतायत असे फोटो काढून घेत. ओलीने रंगाला पोपडे धरले होते, एक डोळा गळून पडला होता. सुआन रोज त्या भिंतीवरून मान खाली घालून जायची.

आज ती समोर उभी राहिली आणि डोळ्याकडे न बघता हाताकडे बघितलं. वडलांच्या हातात वाडगा नव्हता. ताटली होती, पसरट, हिरव्या काठाची. रश्शाच्या नूडल्स कोणी ताटलीत खात नाही.

हिरव्या काठाच्या ताटल्या गल्लीत एकाच गाडीवर होत्या. समोरच्या, टकल्या ह्वातच्या.

ह्वात कालवांचं धिरडं करायचा. अंडं, पीठ, कालवं, खाली डुकराची चरबी. सुआन लहान असताना त्याचं भांड्यांचं पाणी वडलांच्या गाडीखाली शिरलं. वडलांनी झारा फेकला. ह्वातच्या कपाळावर अजून खोक होती. त्यानंतर दोन्ही घरांत कोणी कोणाशी बोललं नव्हतं. आता ह्वात खूपच म्हातारा झाला होता. कित्येक महिने त्याची गाडी झाकलेली होती. परवाच त्याच्या घराचं कुलूप निघालेलं सुआनने पाहिलं होतं.

तो ओसरीवर वेताच्या खुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसला होता.

"काय गं," तो म्हणाला, जणू कालच बोलणं अर्धवट राहिलं होतं, "पुन्हा पाणी शिरलं का तुमच्या गाडीखाली?"

"आपेक," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला म्हणायचा हा शब्द त्याच्यासाठी तिने पहिल्यांदाच वापरला. "पा तुमच्याकडचं खायचे?"

"रोज."

"पण तुम्ही बोलत नव्हतात!"

"खायला बोलावं कशाला लागतं? झारा मारला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या कठड्यावर वाडगा. गरम. चुकलं म्हणायला जीभ उचलली नाही बापाची तुझ्या. मीही काही सरळ नव्हे. खाल्लं, धुतलं, पालथं घातलं आणि शेजारी ताटली ठेवली. तेव्हापासून त्याचं मी खायचो, माझं तो."

सुआनने त्याच्या गाडीचा दांडा धरला.

"मला सांगितलं होतं, भल्या भावांचा म्हणून."

ह्वात हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. "बघा! मेला तो, आणि भूत केलं मला!" डोळे पुसून तो म्हणाला, "तो गेल्यावरही मी ताटली ठेवली होती. माझ्या मागच्या, वरच्या खिडकीतून बघत होतो. लाथेने सरकवलीस मांजरांकडे. म्हटलं, पोरगी बापावर गेली. पण वाडगा ठेवायची सोडली नाहीस, म्हणून मीही उतरत राहिलो."

"म्हणजे इतकी वर्षं तो वाडगा तुम्हीच…"

"मीच की. ड्युरियनची फळं आली तेव्हापासून नाही हं. पाय गेले माझे, लेक बटरवर्थला घेऊन गेली. परवाच आलो, नि तेव्हापासून जिना काही उतरवत नाही मागचा."

सुआन मनात दिवस मोजू लागली. ड्युरियनचा हंगाम संपून किती काळ लोटला होता. त्या सगळ्या दिवसांत वाडगा रोज रिकामा होता. रोज धुतलेला, रोज पालथा. कालही.

"काय झालं?"

"काही नाही. एक ताटली करून द्याल?"

त्याने तिला आपले पाय स्टुलावरून खाली घ्यायला लावले. गाडीला टेकून, एका हाताने तवा धरून त्याने धिरडं घातलं, कडा चांगल्या करपू दिल्या. "त्याला जळकंच लागायचं," तो तव्याकडे बघत म्हणाला. "माझ्या तोंडावर कधी बोलला नाही. पण न जळलेलं असलं की कडा टाकायचा."

ताटली देव्हाऱ्यापुढे ठेवली. बेंगने वाकून वास घेतला आणि या वेळी थट्टा केली नाही. सुआनने नाणी टाकली. एक लाल, एक काळं.

"आची," बेंग हळूच म्हणाला, "जेवले."

तो भाड्याला गेल्यावर तिने दार लोटलं. मनात किती वर्षं जुळवलेलं होतं: मनगटांचं सांगायचं, गुडघ्यांचं, तायपिंगच्या पाहुण्यांचंसुद्धा. त्यातलं काहीच तिला सुचलं नाही. "पा, विझवू का?" एवढंच ती म्हणाली. एक नाणं तिथेच पडलं, काळं. दुसरं घरंगळत गेलं, देव्हाऱ्याच्या पायाला आपटून आडवं झालं. ती गुडघ्यांवर रांगत गेली. लाल.

पहिल्याच फेकीला. विनवावं लागलं नाही. तिला हलकं वाटायला हवं होतं. कोणीतरी घरातून निघून गेलं आणि दार उघडं टाकलं, असं वाटलं.

गाडीच्या शेवटच्या दिवशी रांग लांब होती. तिने पहिला वाडगा भरला, कठड्यावर ठेवला, पण पाठ फिरवली नाही. लोकांना थांबा म्हणाली आणि समोर उलट्या बादलीवर बसली. ह्वातला त्याच आठवड्यात लेकीने कायमचं नेलं होतं. वरची खिडकी बंद होती. बोळात कोणी आलं नाही. मांजरंही लांबच बसली. वाफ विरळ झाली, थांबली. रश्शावर लाल तवंग घट्ट होऊ लागला. पुढून कोणीतरी ओरडलं, "अहो मावशी, मेलात की काय?"

तेव्हा तिने वाडगा उचलला आणि खाल्ला. सगळा.

वडलांच्या हातची चव म्हणून लोक लांबून यायचे. ती चव ही नव्हती. ही जास्त गोड होती, आणि मागून येणारा करपट कडूपणा वडलांनी कधी येऊ दिला नसता. हा तिचा हात होता. कधीपासून, कोणी तिला सांगितलं नव्हतं. आणि हे आपण पहिल्यांदा खातोय, असं तिच्या जिभेला वाटत नव्हतं.

नळाखाली तिने वाडगा धुतला, झटकला, पालथा घातला. कोपरा शोधावा लागला नाही. हात आपणच तिथे गेला.

मग ती वळली, आणि मागे न बघता चुलीकडे गेली.