इंगिमुंदूरच्या फाटकावरची पाटी

आस्लोग राखणदार झाली ती हौसेने नव्हे. आधीचा राखणदार मुलाकडे राजधानीत निघून गेला, आणि वस्तीच्या सभेत "आता हे काम कोण घेतंय?" असा प्रश्न आला तेव्हा सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघत बसले. आस्लोगला असली शांतता सोसत नाही. तिने हात वर केला आणि लोढणं गळ्यात पडलं.

वस्तीच्या डोक्यावर हिमनदी आहे आणि तिच्या पोटात ज्वालामुखी. लोक त्याला 'म्हातारी' म्हणतात, कारण ती कधी कुरकुरेल आणि कधी घोरेल याचा नेम नसतो. ती खरोखर जागी झाली की वरचा बर्फ वितळतो आणि घराएवढे हिमखंड घेऊन पूर खाली येतो. नदीत आणि डोंगरावर यंत्रं आहेत. हादरे वाढले, पाण्याचा गुण बदलला, की राजधानीतले शास्त्रज्ञ सगळ्यांच्या फोनवर संदेश धाडतात. मग फाटकावर 'घर सोडले आहे' अशी पिवळी पाटी अडकवायची आणि टेकडीवरच्या शाळेत जमायचं. पाटी दिसली की बचावपथक त्या घराकडे वळत नाही, वेळ वाचतो. राखणदाराने सगळ्यात शेवटी निघायचं, घर रिकामं असल्याची खात्री करायची आणि पाटी विसरलेल्यांच्या फाटकावर आपल्याकडची जादा पाटी लावायची.

सरावात आस्लोग सगळ्यांना फैलावर घ्यायची. "लांबून बघून सांगू नका! दार वाजवा, आत जा, पांघरूण उचलून बघा!"

आणि हीच आस्लोग शेजारच्या इंगिमुंदूरशी गेली कित्येक वर्षं बोलत नव्हती. कारण ऐकलंत तर हसाल. शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून खाली येतात आणि कानावरच्या मालकाच्या खुणेच्या खाचा बघून ज्याने त्याने आपापल्या ओढून न्यायच्या असतात. आस्लोगने एक देखणा मेंढा शिंगांना धरून ओढत आणला. इंगिमुंदूरने अख्ख्या पंचक्रोशीसमोर त्याचा कान उलटा करून दाखवला आणि म्हणाला, "आस्लोग, चष्मा बदल. हा माझा आहे." मेंढा त्याचाच होता, हे तर जास्तच झोंबलं. लोक खो खो हसले. त्या दिवशी तिने अबोला धरला, आणि त्यानेही हट्टाने तो पाळला.

संदेश आला तो भर दुपारी, बर्फ भुरभुरत असताना. आस्लोग घरोघर हिंडली, सगळी दारं वाजवली. शेवटी इंगिमुंदूरचं फाटक आलं. त्याची जीप अंगणात नव्हती, खिडकीत दिवा नव्हता. गेला असेल मुलीकडे, तिने मनाशी म्हटलं. दारापर्यंतचा चढ काही फार नव्हता. पण दार उघडून तोच समोर आला तर? पहिला शब्द आपल्याला बोलावा लागेल. तिने गाडीतली पाटी काढली, फाटकाला अडकवली आणि निघाली.

शाळेत सगळे जमले, इंगिमुंदूर तेवढा नव्हता. त्याची मुलगी सोलवेग धापा टाकत आली. "बाबा कुठेत? त्यांची जीप दुरुस्तीला दिलीय, ते जाणार कुठे?"

पथकाचा माणूस म्हणाला, "त्या फाटकावर पाटी आहे. घर रिकामं आहे."

"तरी एकदा बघून या," एवढंच आस्लोग म्हणाली. का बघून या, ते मात्र तिच्या तोंडून फुटेना. तोवर रस्ता पाण्याखाली गेला होता. हेलिकॉप्टर मागवावं लागलं. ते परत येईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून कॉफीचे कप विसळत राहिली, धुतलेलेच पुन्हा पुन्हा. तिला स्वतःची किळस आली.

इंगिमुंदूर जिवंत आला. माळ्यावर चढून बसला होता म्हणून वाचला. खाली बर्फाच्या लाद्यांनी गोठ्याची भिंत पाडली होती. त्याच्या अंगावर दोन कांबळी घातली, हातात भाकरी आणि धुरावलेलं मटण दिलं, तरी त्याचे दात वाजतच होते.

आपत्ती विभागाचा अधिकारी समोर येऊन बसला. "तुम्ही घरात, मग फाटकावर पाटी कुणी लावली?"

"मीच," इंगिमुंदूर म्हणाला. "लावली आणि विसरलो."

कुणीतरी फिसकन हसलं. सोलवेगच्या डोळ्यांत पाणी आलं. "बास झालं आता, बाबा. पाटी लावून घरात बसून राहता? तुमचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. आता माझ्याकडे यायचं. मेंढ्या विकून टाकू."

इंगिमुंदूरने मान खाली घातली. मेंढ्यांशिवाय त्या माणसाला दुसरं काही नव्हतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

आस्लोग उठली. "पाटी मी लावली. त्याचं डोकं ठिकाणावर आहे, माझंच नव्हतं. मी दार वाजवलं नाही. त्याच्याशी बोलावं लागेल म्हणून वाजवलं नाही."

ज्यांना ती फैलावर घ्यायची, ते सगळे तिच्याकडे बघत होते. सोलवेगने तोंड फिरवलं. हिने आपल्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं आस्लोगला वाटलं.

"बस खाली," इंगिमुंदूर म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "पडद्यामागे उभा होतो मी. तुला पाटी लावताना बघत होतो."

"बघत होतास? मग काचेवर टकटक तरी करायचीस! हाक मारायचीस!"

इंगिमुंदूरने हातातल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"मारणार होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तू मारशील."