धुराचा वैरी

धुराचा एवढा मोठा वैरी भोर-वेल्ह्यात दुसरा झाला नाही. भोरला आमच्या आळीत सगळे त्यांना नुसतं ओव्हरसियर म्हणत. संस्थान विलीन झालं, त्यांची नोकरी गेली, पण हुद्दा मात्र कुणी विलीन केला नाही. रिकाम्या माणसानं पत्ते कुटावेत, देवळाच्या पायरीवर बसावं. हे गृहस्थ लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचे! माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा हे तडक आत गेले, चुलीपाशी उकिडवे बसले आणि घर बघायला आत आलेल्या होणाऱ्या विहीणबाईंची पापणी अंगठ्यानं वर करून म्हणाले, "लाल आहे. धूर." ते स्थळ हातचं गेलं. माझी आई वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

पण रागावणार तरी किती? त्यांच्या आईचे डोळे चुलीपुढंच गेले होते. शेवटी शेवटी ती माउली मुलाला आवाजावरून ओळखायची. तेव्हापासून या माणसानं धुराशी उभा दावा मांडला. खटपट करून त्यांनी बिनधुराची चूल जुळवली. एका जाळावर दोन भांडी आणि मागून भिंतीबाहेर खापरी नळ. लोखंडाचा खिळा नको, सिमेंट नको. गावची माती आणि गावचा कुंभार. विकास योजनेचे एक साहेब जीपमधून येऊन चुलीशेजारी फोटो काढून घेऊन गेले. मुंबईहून लोखंडी चुली येणार आहेत म्हणाले. त्या काही आल्या नाहीत. मी पडलो शाळामास्तर; सुट्टी लागली की त्यांच्या तावडीत आयता सापडायचो. विंझरपर्यंत एसटी आणि पुढं डोंगर. नळ माझ्या डोक्यावर आणि भाषण त्यांच्या तोंडी. नको नको व्हायचं.

वर धनगरांच्या वाडीत ठकूबाई राहायची. शेरडांमागं हिंडणारा नवरा, दोन पोरं, आणि डोळे असे चिकटलेले की तव्यावरची भाकरी चाचपून उलटायची. पहिली चूल तिच्या घरात बसली. हळूहळू तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, आणि मग वाडीभर चुली बसल्या. ओव्हरसियर तेव्हा इतके खुशीत होते की परतताना कंडक्टरला चूल समजावून सांगता सांगता भोरचा थांबा मागं टाकून पुढं गेले. घर उजळलं म्हणून ठकूबाईच्या नवऱ्यालाही हौस आली. जुनं, काजळीनं काळंकुट्ट झालेलं छप्पर उतरवून त्यानं नव्या कोऱ्या बांबूंचं केलं. बांबू धुरावर टिकतात हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांच्याही नाही, कारण बिनधुराचं घर तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. बांबूंना भुंगा लागला. वरून पीठ गळायचं, ठकूबाई ते झाडून टाकायची. आणि भर श्रावणात, वाऱ्यापावसात, छप्पर खाली बसलं. नवऱ्यानं पोरांना बाहेर ढकललं आणि स्वतः आत राहिला. गेला बिचारा.

बातमी आली तसे ओव्हरसियर कुदळ घेऊन निघाले. वाडीतली एकूण एक चूल फोडायची, असं ठरवूनच. मी मागोमाग गेलो. एसटीत ते कुदळ मांडीवर आडवी धरून बसले. विंझरला उतरल्यावर म्हणाले, "मास्तर, मी मारला त्याला." वर पोचलो तर भिंती उभ्या, वर उघडं आभाळ, आणि कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली चूल. त्यांनी पोतं बाजूला केलं, कुदळ उचलली. ठकूबाई मधे येऊन उभी राहिली.

"दादा, मोडू नगा," ती म्हणाली. "म्या नांदाया आले तवापासनं त्यांचं त्वांड धड बगितलं न्हवतं. ह्या चुलीपायी दोन पावसाळं डोळं भरून बगितलं. आता पोरांचं बगायचं हाय."

तिनं त्यांच्या हातातली कुदळ काढून भिंतीला टेकवली आणि काटक्या घालून कोऱ्या चहाचं आधण ठेवलं. डोक्यावर छप्पर नव्हतं, कुठूनही वर जायला मोकळं रान होतं, तरी धूर गुमान नळातूनच भिंतीबाहेर जात होता. चहा हातात घेतला आणि ओव्हरसियर रडायला लागले. एरवी चुलीपुढं डोळे भरून आले तर माणूस धुराचं नाव पुढं करतो. या भल्या माणसाला तेवढीही सोय उरली नव्हती.