नऊ मिनिटांचा उशीर

२०१०च्या दशकाची शेवटची वर्षं होती. एका कोरियन स्वस्त विमान कंपनीने कोरियातल्या बुसान शहरातून सिंगापूरला नुकतीच सेवा सुरू केली होती आणि कॉलेजच्या शेवटच्या सत्रात मी चांगी विमानतळावर त्यांच्याकडे इंटर्न होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा एसटी डेपोत गाड्या धुवायचे.

चोआ चू कांग या सिंगापूरच्या उपनगरात ज्या मराठी कुटुंबाकडे मी खोली घेऊन राहत होते, त्यांच्या तिथेच वाढलेल्या मुलाला माझी कंपनी ऐकून हसू आलं. "बजेट एअरलाइन ओन्ली लाह, ताई. पाणीसुद्धा विकत."

"गप रे," काकू म्हणाल्या. "तिकीट काढताना तुझे बाबा तेच शोधत बसतात."

मला मात्र त्या कंपनीचं कौतुक वाटायचं. आमचे कोरियन स्टेशन मॅनेजर अगदी सुरुवातीपासून तिथे होते. तेव्हा मोजकीच विमानं, आणि तीही सोल ते जेजू बेट एवढीच ये-जा करायची. "लोक विचारायचे, एवढ्या पैशात पूर्ण नेणार की मध्येच उतरवणार?" ते सांगायचे. मग जपान झालं, व्हिएतनाम झालं, आता सिंगापूर. सगळी विमानं एकाच बनावटीची, त्यामुळे कुठलाही वैमानिक कुठलंही विमान उडवू शकायचा. विमान जमिनीवर थांबलं की तोटा. इथे उशीर झाला की बुसानला उशीर, आणि तेच विमान पुढे जेजूला जायचं असलं तर तिथेही.

म्हणून आलेलं विमान तासाभरात परत सुटायला हवं. त्या तासात सामान, इंधन, सफाई यांच्या वेळा कागदावर टिपायच्या, मागे पडेल त्याला सांगायचं आणि केबिन तयार झाली की गेटवर फोन करून प्रवासी सोडायला सांगायचं, हे माझं काम. शेवटच्या दोन आठवड्यांत मी ते एकटीने करून दाखवलं, तर मॅनेजर कायमच्या नोकरीसाठी माझं नाव पाठवणार होते. नोकरी नाही, तर सिंगापुरात राहायचा पास संपणार आणि मी घरी परतणार.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "तासभर? आमची गाडी वीस मिनिटांत परत सुटते."

त्या दोन आठवड्यांच्या पहिल्या दिवशी मी विमानाच्या दाराशी कागद घेऊन उभी राहिले. या कंपनीत केबिनची सफाई हवाई सुंदऱ्या स्वतःच करायच्या. त्यांची प्रमुख माझ्या आईच्या वयाची होती. ती गुडघे टेकून सीटखालची वेष्टनं ओढून काढत होती. मोठं माणूस असं वाकलेलं असताना आपण नुसतं बघत उभं राहायचं, हे मला जमलं नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि मागच्या रांगेपासून कचरा उचलायला लागले. काम छान झालं. फक्त घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. गेटला फोन उशिरा गेला आणि विमान नऊ मिनिटं उशिरा सुटलं.

उशिराचं कारण मला लिहायचं होतं. त्या दिवशी व्हीलचेअरवरचे तीन प्रवासी होते, त्यांचं नाव सहज पुढे करता आलं असतं. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'मी सफाईला मदत करत होते, त्यामुळे बोर्डिंगची सूचना उशिरा दिली.'

मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं. "तू झाडायला लागलीस, तर बघणार कोण?"

"सर, त्या वयाने मोठ्या..."

"मोठ्या आहेत म्हणूनच. नऊ मिनिटं उशिरा सुटलं की त्या नऊ मिनिटं उशिरा घरी पोचतात. तुझी मदत म्हणजे वेळ सांगणं." कागद परत देत ते म्हणाले, "उद्या परत तूच."

दुसऱ्या दिवशी ती प्रमुख पुन्हा गुडघ्यांवर होती. मी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला. हात मोकळे राहिले असते तर वाकले असते. घड्याळ बघून मी म्हणाले, "मॅडम, चार मिनिटं राहिली." आवाज बारीक निघाला, म्हणून परत मोठ्याने म्हटलं. माझ्यापेक्षा मोठ्या कुणाला घाई करायला मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. तिने वर बघितलं, मान तुकवली, कोरियनमध्ये मागे काहीतरी ओरडली आणि सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. ठरल्या मिनिटाला गेटला फोन गेला. विमान मागे सरकलं तेव्हा जमिनीवरच्या आम्ही सगळ्यांनी ओळीत उभे राहून, त्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे, दोन्ही हात हलवले. खिडक्यांमधूनही हात हलले.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर गेटवर आलेच नाहीत. विमान उतरल्यावर मी घाबरून फोन केला, "सर, तुम्ही येताय ना?"

"कशाला?" ते म्हणाले. "तू आहेस ना तिथे."

मी फोन ठेवला आणि कागदावर पहिली वेळ लिहिली. खाली जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एरवी मॅनेजरांचीही सही असायची, त्या दिवशी फक्त माझी होती.