सात वाजताच्या सोहळ्याची साडेसहाची बातमी

२००८ सालच्या मार्चमधल्या एका गुरुवारी कॅनडातल्या रेजिना शहरात आमच्या मुलीच्या प्राथमिक शाळेचा वार्षिक कौतुक सोहळा उत्साहात पार पडला, असं छापलेला पिवळा कागद शाळेच्या जिममधल्या, म्हणजे खेळाच्या हॉलमधल्या, प्रत्येक खुर्चीवर ठेवलेला होता. तेव्हा साडेसहा वाजले होते. सोहळा सातला सुरू व्हायचा होता.

बातमी मी लिहिली होती.

त्याआधी अकरा वर्षं मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथं कार्यक्रम संध्याकाळी असायचे आणि आतलं पान ते संपायच्या आधी छपाईला जायचं. म्हणून बातमी दुपारीच लिहून ठेवायची. अध्यक्ष असले की त्यांनी मौलिक विचार मांडले, श्रोते असले की ते मंत्रमुग्ध झाले. मग एक फोन करून खात्री करायची आणि कोणी पडलंबिडलं नसेल तर मजकूर तसाच सोडायचा. अकरा वर्षांत हे एकदाच अंगाशी आलं (फोन लागला नाही आणि अध्यक्ष कार्यक्रमाला आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी स्वतःचे विचार वाचून त्यांनी अंकाच्या दहा प्रती मागवल्या).

कॅनडात मृणालला, म्हणजे माझ्या बायकोला, प्रांतिक सरकारच्या एका खात्यात कॉम्प्युटरची नोकरी होती आणि मला एका ग्रोसरीत पावाच्या विभागात पहाटेची शिफ्ट. शाळेच्या पत्रकासाठी लिहिणारे पालक हवेत, अशी चिठ्ठी सानिकाच्या दप्तरातून आली तेव्हा मी ती भरून त्याच दिवशी परत पाठवली. मुख्याध्यापिका मिसेस कोवालचुक यांनी अनुभव विचारला. मी अकरा वर्षं सांगितली. त्यांनी छातीवर हात ठेवला.

आता सानिकाबद्दल. वय नऊ, इयत्ता चौथी. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यापासून ती शाळेत एक शब्दही बोलली नव्हती. घरी तिचा आवाज बेसमेंटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूला ऐकू जायचा, पण शाळेच्या दारात तो बंद व्हायचा. तिच्या शिक्षिका मिस फ्रीजन म्हणाल्या होत्या, घाई करू नका. शाळेत इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग होता, शाळेला त्याचा फार अभिमान होता, आणि सोहळ्यात त्या वर्गातलं एक मूल शाळेच्या भाजीच्या वाफ्यांवर पाच ओळी वाचणार होतं. कोण वाचेल, असं विचारल्यावर सानिकानं हात वर केला. मिस फ्रीजननी मृणालला ऑफिसात फोन करून हे कळवलं. मृणाल वॉशरूममध्ये जाऊन रडून आली.

दोन आठवडे सानिकानं त्या पाच ओळी फ्रिजला, बुटांना आणि बाल्कनीतल्या बर्फाला वाचून दाखवल्या. तिची अट एकच होती.

"बाबा, तुम्ही माझ्याकडं बघायचं नाही. आणि कोणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

मी कोणाला सांगितलं नाही. लिहिलं.

मंगळवारी सोहळ्याची बातमी इंग्रजीत तयार करून मी ती शाळेच्या सेक्रेटरी डोना यांना पाठवली आणि सोबत लिहिलं, फक्त नावं तपासावीत. डोनांनी नावं तपासली. कोवालचुकमधली माझी एक चूक दुरुस्त केली. मजकूर त्यांना इतका आवडला की त्यांनी शाळेतला सगळा पिवळा कागद त्यावर खर्च केला.

मृणालनं खुर्चीवरचा कागद उचलला.

"अरे, हे काय? सोहळा पार पडला? कधी पडला?"

"अजून नाही पडला."

"मग काहून छापलं?"

"मी छापलं नाही. मी फक्त लिहिलं."

"पोलीस आले की त्यांनाही हेच सांग."

मी डोनांना गाठलं. त्या कॉफीच्या टेबलाशी उभ्या होत्या. मी म्हणालो, ही बातमी कार्यक्रमानंतरची आहे.

"हो, वाचली मी," त्या म्हणाल्या. "फार छान झाला कार्यक्रम."

कागद गोळा करावेत, असं मी सुचवलं. त्यांनी जिमकडं हात केला. सगळे वाचत होते. पहिल्या रांगेत चौथीचा वर्ग बसला होता आणि तोही वाचत होता. (शाळेचा वाचन-उपक्रम यशस्वी झाल्याचं मी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. त्यातलं आपोआप खरं ठरलेलं हे एकच विधान.)

नागपूरच्या श्रोत्यांनी असा कागद वाचला असता तर ते हसले असते आणि अर्धे उठून घरी गेले असते. आमच्या सस्कॅचवान प्रांतातली माणसं वेगळी. कागदावर लिहिलं आहे म्हणजे आपल्याकडून तशी अपेक्षा आहे, असं त्यांनी धरलं आणि ती पूर्ण करायला घेतली.

बातमीत सभागृह खच्चून भरलं होतं. प्रत्यक्षात रस्त्यावर बर्फ होता आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, आपापले जाड कोट काढले आणि रिकाम्या खुर्च्यांवर एकेक बसवला.

बातमीत शिक्षण मंडळाच्या सदस्या आवर्जून उपस्थित होत्या. त्यांची गाडी हायवेवर अडकली होती. मिसेस कोवालचुक यांनी त्यांच्या खुर्चीचे आभार मानले. खुर्चीसाठी टाळ्या झाल्या.

मग सकाळच्या मोफत नाश्त्याच्या उपक्रमाची माहिती झाली, बँड झाला, समूहगान झालं. श्रोत्यांच्या आग्रहास्तव मुलांनी आणखी एक गीत सादर केल्याचं मी लिहिलं होतं. गाणं संपलं. हॉकीचं जॅकेट घातलेल्या एका वडलांनी कागदावर बोट ठेवून ओळ शोधली आणि ते उभे राहून म्हणाले, "आणखी एक, प्लीज." मुलांना एकच गाणं येत होतं. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. त्या वडलांनी कागदाकडं पाहून मान हलवली आणि ते खाली बसले.

'मुख्याध्यापिकांना अश्रू अनावर झाले,' या वाक्याशी कार्यक्रम आला तेव्हा मिसेस कोवालचुक यांनी टिश्यू काढला. त्या बराच वेळ प्रयत्न करत होत्या. शेवटी त्यांनी कोरडाच डोळा टिपला आणि माझ्याकडं पाहून, क्षमा मागावी तसं, किंचित हसल्या.

"सानिकाबद्दल काय लिहिलंय?" मृणालनं हळूच विचारलं.

"मागं आहे."

तिनं कागद उलटला. शेवटचा परिच्छेद असा होता: 'सोहळ्यात सर्वांत लक्षवेधी ठरले ते इयत्ता चौथीतील सानिकाचे वाचन. सप्टेंबरपासून शाळेत एक शब्दही न बोललेल्या या मुलीने पाचही ओळी न अडखळता, खणखणीत आवाजात वाचल्या. सभागृहाने उभे राहून तिला दाद दिली.'

मृणालनं कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"सगळ्या शाळेला सांगितलंस तू."

"मृणाल, मला वाटलं..."

"पोरीनं एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडं."

तेवढ्यात मिस फ्रीजननी सानिकाचं नाव पुकारलं. मी ठरल्याप्रमाणे जमिनीकडं पाहिलं. त्यामुळं पुढचं बरंचसं मृणालच्या सांगण्यावरून.

सानिका माइकपाशी गेली. एका हातात तिच्या पाच ओळींचं कार्ड होतं, दुसऱ्या हातात पिवळा कागद. जिममधले लोक तिच्याकडं अतिशय प्रेमानं पाहत होते. हॉकी जॅकेटवाले वडील उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांची रांग उभी राहिली, मग सगळी जिम. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

तिनं कार्डाकडं पाहिलं, मग कागदाकडं. भिंतीवरच्या घड्याळात (ते पाहण्यापुरती मी मान वर केली) चाळीस सेकंद गेले. मग ती परत जागेवर जाऊन बसली.

टाळ्या बराच वेळ चालल्या.

आम्ही गाडीनं घरी निघालो. दुसऱ्या सिग्नलला मागच्या सीटवरून सानिका बोलली.

"बाबा, मी वाचणार होते."

"हो बेटा."

"नक्की वाचणार होते. पण त्यात तर सगळं होऊन गेलं होतं. मग मी तिथं काय करू?"

मी हीटर वाढवला. मृणालनं तो पुन्हा कमी केला.

शुक्रवारी मी दुरुस्ती लिहिली. कोट, खुर्ची, गाणं, टिश्यू, एकेक बाब घेतली. शेवटची ओळ होती: 'सानिकाने वाचन केले नाही. दोष बातमीदाराचा आहे.' डोनांनी ती वाचून फोन केला. अशा दुरुस्त्या छापायची शाळेची पद्धत नाही, लोकांना वाईट वाटेल, त्या म्हणाल्या. बातमी सगळ्यांना आवडली होती. त्यांच्या बहिणीनं ती फ्रिजवर लावली होती.

शनिवार-रविवार सानिका माझ्याशी कामापुरतं बोलली. फ्रिजला, बुटांना काहीही वाचून दाखवलं गेलं नाही. मृणालनं माझ्यासमोर दोन वेळा ताट ठेवलं, दोन्ही वेळा आवाज करून.

सोमवारी दुपारी मी शिफ्ट संपवून घरी आलो तेव्हा फोन वाजत होता. मिस फ्रीजन होत्या. सकाळी वर्गात विषय निघाला होता, आपले आईवडील काय काम करतात. पाचव्या की सहाव्या मुलानंतर सानिकानं हात वर केला आणि ती उभी राहिली. ती दोन वाक्यं बोलली, असं त्या म्हणाल्या.

मी नेमके शब्द विचारले. त्यांनी सांगितले. मी ते ग्रोसरीच्या पावतीमागे उतरवून घेतले: 'माझे बाबा बातमी घडायच्या आधीच लिहितात. ती चुकते.'

मी त्यांना ते वाचून दाखवले. बरोबर आहेत, असं मिस फ्रीजन म्हणाल्या.